त्रेचाळीसातली सात

२०२२ च्या दिवाळीला मी सांगलीला घरी गेले तेव्हा लॅपटॉपवर एक एक्सेल शीट होती आणि तिच्यात त्रेचाळीस ओळी होत्या. प्रत्येक ओळ म्हणजे मास्टर्ससाठी परदेशातलं एक विद्यापीठ. पुढे रकाने: क्यूएस आणि यूएस न्यूज या क्रमवाऱ्यांमधले क्रमांक, फी, अर्जाची शेवटची तारीख, जीआरई ही प्रवेश परीक्षा लागते की नाही. यातल्या निम्म्याहून जास्त ओळी मी स्वतः भरलेल्याच नव्हत्या. 'फॉल २३' वाल्यांच्या, म्हणजे २०२३ च्या शरद सत्राला जाणाऱ्यांच्या, एका टेलिग्राम गटात कुणीतरी शीट टाकली होती, तिच्यातून उचलल्या होत्या.

बाबांनी चिवड्याची वाटी बाजूला ठेवली, चष्मा लावला आणि शीट वरपासून खालपर्यंत बघितली. ते सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेत. कागद बघायची त्यांची एक पद्धत आहे, आधी बेरीज बघतात. बेरीज नव्हती. मग म्हणाले, "यातल्या कुठल्या ठिकाणी तुला जायचंय?"

मला सांगता येईना.

"बरं, कुठल्या ठिकाणी जायचं नाहीये?"

तेही सांगता येईना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, मग हे काय, लग्नाची यादी आहे का, कुणाला वगळलं तर राग येईल म्हणून?"

तर ही त्या त्रेचाळीस ओळींच्या सात कशा झाल्या त्याची गोष्ट. अर्ज कसे भरले, व्हिसा कसा मिळाला वगैरे यात नाही. त्यावर पुष्कळ लोकांनी लिहिलंय.

आधी माझी पाटी. सांगलीच्या कॉलेजातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सीजीपीए ८.४. नंतर पुण्यात बाणेरला एका कंपनीत तीन वर्षं, बॅकअपच्या प्रॉडक्टवर. पुण्यात डेटा साठवण्याच्या आणि बॅकअपच्या क्षेत्रातल्या कंपन्या पहिल्यापासून बऱ्याच आहेत, त्यामुळे आपण आयटीत आहोत म्हणजे वेबसाइट बनवतो असं नसतं, हे निदान पुण्यात तरी समजावून सांगावं लागत नाही. सांगलीत लागतं. जीआरई ३२१. रिसर्च पेपर एकही नाही.

ही पाटी घेऊन मी सुरुवातीला एका परदेशी शिक्षणाच्या सल्लागाराकडेही गेले होते. एसी केबिन, भिंतीवर झेंडे. त्यांनी माझे मार्क एका फॉर्ममध्ये टाकले आणि दहा मिनिटांत यादी काढून दिली: तीन 'अँबिशियस', चार 'मॉडरेट', तीन 'सेफ'. मला काय शिकायचंय हे कुणी विचारलंच नाही. 'सेफ'मधल्या दोन नावांचा आग्रह जरा जास्त होता, "इथं आमच्यातर्फे गेलात तर अर्जाची फी माफ." नंतर कळलं, काही विद्यापीठं प्रवेशामागे अशा सल्लागारांना कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही. पण वधूवरसूचक मंडळाने एकाच बाजूकडून पैसे घेतले तर स्थळाचं कौतुक कसं होईल, तेवढं लक्षात ठेवायचं.

तरीही अँबिशियस-मॉडरेट-सेफ हे तीन कप्पे माझ्या डोक्यातून जायला महिना लागला. त्या कप्प्यांमध्ये एकच प्रश्न आहे, ते आपल्याला घेतील का? आपण त्यांना का घ्यावं, यासाठी रकाना नाही.

क्रमवारीचं म्हणाल तर मी तिच्याविरुद्ध नाही. माझ्या कॉलेजातली एक मैत्रीण राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी तयारी करत होती. तिथे विद्यापीठ क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावंच लागतं. तिच्यासाठी तो रकाना पहिला होता, नसता तर फी कुणी भरणार नव्हतं. ती मला म्हणाली, "तुझ्यासाठी रँक म्हणजे हौस आहे, माझ्यासाठी पात्रता आहे. आपल्या दोघींची यादी सारखी कशी असेल?" तिने ते सहज म्हटलं होतं. मी मात्र त्या रात्री शीटवरून क्यूएसचा रकाना काढून टाकला. त्या क्रमवारीत प्राध्यापक आणि कंपन्यांची मतं, सायटेशन, विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, असं सगळं विद्यापीठाचं मिळून मोजतात. वैद्यकीय शाखा भक्कम असली की कॉम्प्युटरवाल्यांनाही तिची सावली मिळते.

त्या जागी मी सीएसरँकिंग्ज ही साइट उघडली. अ‍ॅमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले प्राध्यापक एमरी बर्गर यांनी सुरू केलेली. कुठल्या विभागातल्या प्राध्यापकांचे किती पेपर निवडक मोठ्या परिषदांमध्ये आले, एवढंच ती मोजते, आणि एका पेपरचे लेखक पाच असतील तर श्रेय पाचांत वाटते. तिची खरी गंमत अशी की डावीकडे विषयांसमोर खुणा असतात. सगळ्या काढून फक्त 'डेटाबेस' ठेवली आणि माझ्या शीटचा क्रम उलटापालटा झाला. काही मोठमोठी नावं पार खाली गेली आणि जी नावं टेलिग्रामवर कधी ऐकली नव्हती ती वर आली.

डेटाबेसच का, ते सांगायला हवं, कारण यादी खरी तिथून सुरू झाली.

ऑफिसात एका मोठ्या ग्राहकाकडून तक्रार आली होती, बॅकअपच्या नोंदी शोधणारी एक क्वेरी चाळीस मिनिटं चालते. नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये होत्या. 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' करून, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते त्यालाच दाखवायला लावून, बघितलं तर प्लॅनरला (ती कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) वाटत होतं की तक्त्यांच्या या जोडणीतून काहीशे ओळी येतील. प्रत्यक्षात येत होत्या कोटीभर. काहीशे ओळींसाठी जी पद्धत बरी, ती कोटीभर ओळींवर वापरली की चाळीस मिनिटं लागणारच. आम्ही क्वेरी वेगळी लिहून वेळ मारून नेली. पण मला चैन पडेना. डेटाबेस स्वतःच्याच डेटाबद्दल इतका चुकतो कसा?

आमच्या टीममधल्या एका सरांनी एक पेपर पाठवला. २०१५ साली व्हीएलडीबी या डेटाबेसच्या परिषदेत आलेला. त्या लोकांनी सिनेमांच्या आयएमडीबीचा खराखुरा डेटा घेतला, त्याच्यावर ११३ क्वेऱ्या लिहिल्या आणि पोस्टग्रेससकट वेगवेगळ्या डेटाबेसचे अंदाज किती चुकतात ते मोजलं. जोडण्या वाढत गेल्या की चूक हजारो पटींनी वाढते. पेपर लोकलच्या डब्यात वाचावा तसा मी उभ्याउभ्या वाचला, कारण खुर्चीवर बसायचं सुचलंच नाही. माझी चाळीस मिनिटांची क्वेरी त्यांना आधीच भेटलेली होती.

आणि मग वर, शीर्षकाखाली, लेखकांची नावं आणि त्यांची ठिकाणं. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ, टीयूएम. अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था. शीटमध्ये म्युनिक एकतिसावं होतं, अ‍ॅमस्टरडॅम नव्हतंच.

मग मला हाच नाद लागला. पेपर, पेपराच्या मागचे संदर्भ, संदर्भांमधली नावं, नावांची गावं. म्युनिकला थॉमस नॉयमान आणि आल्फोन्स केम्पर. त्यांचा हायपर नावाचा डेटाबेस २०१६ मध्ये टॅब्लो कंपनीने घेतला. अ‍ॅमस्टरडॅमला पीटर बोंझ, आणि डकडीबी हा डेटाबेस करणारी मंडळी त्याच संस्थेतून आली. कॅनडात वॉटरलूला तामेर ओझ्सू. अ‍ॅमहर्स्टला पीटर हास, आधी आयबीएममध्ये होते, सँपलिंग आणि अंदाज हाच त्यांचा विषय. जर्मनीत सारब्र्युकेनला येन्स डिट्रिश. पिट्सबर्गला, म्हणजे कार्नेगी मेलनला, अँडी पाव्हलो, ज्यांची लेक्चरं यूट्यूबवर फुकट असतात आणि ती मी जेवताना बघायचे.

आणि मॅडिसन. विस्कॉन्सिन राज्यातलं मॅडिसन मला नकाशावर शोधावं लागलं होतं, पण डेटाबेसवाल्यांत ते पंढरपूर आहे. जिकडे तिकडे तिथले वारकरी. कॉलेजात जे जाडजूड 'कोर्थ' आपण परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो, त्याच्यावरचं तिसरं नाव सुदर्शन यांचं. ते आयआयटी मुंबईत प्राध्यापक, म्हणजे पवईला, आणि त्यांची पीएचडी मॅडिसनची. बंगळुरूच्या आयआयएससीत जयंत हरित्सा, त्यांचीही पीएचडी मॅडिसनचीच. हरित्सांच्या गटाने तर डेटाबेस कुठल्या परिस्थितीत कुठला प्लॅन निवडतो त्याचे रंगीत नकाशे काढायचं एक साधन केलंय, नाव 'पिकासो', कारण चित्रं तशीच दिसतात. माझ्या चाळीस मिनिटांच्या क्वेरीवर आयुष्य घालवलेला माणूस बंगळुरूला होता आणि मी फक्त परदेशातली विद्यापीठं मांडत बसले होते. आतापर्यंत भारतातलं एकही नाव शीटमध्ये नव्हतं. याची मला खरंच लाज वाटली.

इथपर्यंत शीट वीस ओळींवर आली होती. पण मोठी चूक अजून व्हायची होती.

मला वाटायचं, विद्यापीठ ठरलं, शाखा ठरली, की अर्ज एकच. तसं नसतं. एकाच इमारतीला दोन-दोन, चार-चार दारं असतात आणि प्रत्येक दारावर 'मास्टर्स'च लिहिलेलं असतं. अर्बाना-शँपेनला, म्हणजे इलिनॉयला, एमएस वेगळं आणि एमसीएस वेगळं. पहिल्यात प्रबंध, दुसरं नोकरीच्या दृष्टीने, नुसते कोर्स. मॅडिसनला नेहमीचं एमएस वेगळं आणि नोकरदारांसाठी संध्याकाळचं प्रोफेशनल वेगळं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तर बाहेरच्यांसाठी पूर्णवेळ एमएस नाहीच. आहे ते नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचं. ते माझ्या शीटमध्ये चौथ्या क्रमांकावर होतं! कार्नेगी मेलनला तर कॉम्प्युटरच्या आसपासच्या मास्टर्सची नावं मोजताना माझी बोटं संपली.

कुठल्या दाराने आत गेलात यावर दोन गोष्टी ठरतात. एक, प्राध्यापकांच्या लॅबमध्ये तुम्हाला उभं करतात का. दोन, पैसे. संशोधनाच्या दाराने गेलात तर टीए (शिकवायला मदतनीस) किंवा आरएचं (संशोधनाला मदतनीस) काम मिळू शकतं, आणि पुष्कळ सरकारी विद्यापीठांत ते मिळालं की फी माफ होते, वर हातखर्चाला पगार. प्रोफेशनल दाराने गेलात तर तुम्ही गिऱ्हाईक. यात वाईट काही नाही, ज्याला दीड वर्षात कोर्स करून नोकरीला लागायचंय त्याच्यासाठी तेच बरं. पण क्रमवारीतल्या क्रमांकाला या दोन दारांमधला फरक कळत नाही. प्राध्यापकांचे पेपर मोजून आलेला क्रमांक दोन्ही दारांवर सारखाच लावलेला असतो, आणि एका दारातून आत गेलेल्याला ते प्राध्यापक दोन वर्षांत फक्त तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये लांबून दिसतात.

हे मला वेबसाइटवरून कळलं नाही. विद्यार्थ्यांना विचारल्यावर कळलं. लॅबच्या पानांवर विद्यार्थ्यांची नावं असतात. त्यातल्या आडनावांवरून मराठी माणूस हुडकणं आपल्याला जमतंच. मी सतरा जणांना लिहिलं, अकरा जणांनी उत्तर दिलं. "प्रोफाइल कसा वाटतो" असं विचारलं नाही, कारण त्याला सगळे "छान आहे, अप्लाय कर" म्हणतात. मी तीनच गोष्टी विचारल्या. तुमच्या लॅबमध्ये आत्ता एमएसचे किती जण आहेत? ते पहिल्या सत्रात आले की तिसऱ्या? आणि त्यांना पैसे मिळतात का?

एका मोठ्या, इथे नाव न घेता येण्याजोग्या ठिकाणाहून एका नाशिकच्या मुलाने व्हॉइस मेसेज पाठवला, चार मिनिटांचा. त्याचा सारांश: "ताई, आमच्या बॅचला एमएसचे चारशेच्या वर आहेत. सर चांगले आहेत, पण त्यांच्या दारात रांग असते आणि ती पीएचडीवाल्यांची. मी दोन सत्रं मेल केले, तिसऱ्यात मेल करायचे सोडले आणि लीटकोडवर मुलाखतींचा सराव सुरू केला. नोकरी लागली, तक्रार नाही. पण तू जे म्हणतेयस त्यासाठी इथं येऊ नको." त्या एका मेसेजने सहा ओळी गेल्या, कारण तशाच घडणीची आणखी पाच ठिकाणं शीटमध्ये होती.

आता पैसे. नोव्हेंबर लागला आणि बातम्या यायला लागल्या. ट्विटरमधून निम्मे लोक काढले. ९ नोव्हेंबरला मेटाने ११,००० जण कमी केले. डॉलर ऑक्टोबरातच ८३ ला जाऊन आला होता. माझा मावसभाऊ अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होता, त्याच्या कंपनीतही कपात झाली आणि तो तिच्यात सापडला. या व्हिसावर नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. घरी रोज फोन. मावशीने देव पाण्यात ठेवले. त्याला त्रेपन्नाव्या दिवशी नोकरी लागली, ती निम्म्या आनंदाची.

त्या आठवड्यात बाबा पुण्याला आले ते वही घेऊनच. म्हणाले, "तू तिकडे नोकरी मिळेल हे धरून हिशेब करतेस. आम्ही बँकेत कर्जदाराचं सगळं बिनसलं तर काय, ते आधी बघायचो. तू परत पुण्याला आलीस, आज आहे त्याच पगारावर लागलीस, असं धर. हप्ता भरशील?" चाळीस लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं: महिन्याला चोपन्न हजार. माझ्या हातात तेव्हा पंच्याऐंशी पडत होते. पंचवीस लाख: पावणेचौतीस हजार. शिकत असतानाचं व्याज वेगळं. बाबांनी पंचवीसखाली दोन रेघा मारल्या. "याच्यावर गेलं तर घर तारण ठेवावं लागेल, आणि घर मी ठेवणार नाही असं नाही, पण मग तू तिकडे शिकायला नाही, हप्ता फेडायला जाशील."

मला राग आला. दोन दिवस बोलले नाही. पण पंचवीसच्या त्या आकड्याने जे काम केलं ते कुठल्याच क्रमवारीने केलं नव्हतं. पिट्सबर्गची वर्षाची फी पन्नास हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे राहण्या-खाण्याच्या आधीच एकेचाळीस लाख, आणि तिथल्या एमएसला फीमाफीची आशा धरता येत नाही. मॅडिसनची बाहेरच्यांसाठी फी पंचवीस हजारांच्या आसपास, तीही दोन वर्षांत पंचवीस लाखांत बसत नाही, पण तिथे टीए मिळालं तर चित्र बदलतं. म्हणून मॅडिसन आणि अ‍ॅमहर्स्टच्या ओळीपुढे मी लाल अक्षरांत लिहिलं, 'असिस्टंटशिप मिळाली तरच'. वॉटरलूचं प्रबंधाचं एमएमॅथ (तिथल्या मास्टर्सचं नाव) त्याहून सोपं, तिथे पर्यवेक्षकाने घेतलं तर पैशांची सोय तोच विभाग करतो. न घेतलं तर प्रवेशच नाही. मला हे आवडलं. आधी सांगून मोकळे.

पिट्सबर्ग काढताना जीव तुटला, खोटं कशाला बोलू. अर्ज नुसता नारळ म्हणून फोडायचाही विचार होता, लागला तर लागला. पण लागला असता तर मी काय केलं असतं हे मला माहीत होतं. मी रडून बाबांकडून घर तारण ठेवून घेतलं असतं. म्हणून अर्जच केला नाही. लेक्चरं चालूच होती, ती आताही बघते.

जर्मनीचं गणित वेगळंच निघालं. टीयूएमला तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांना फी नव्हती, सत्राचे दीडशे युरोच्या आत काही भरले की झालं. (२०२४ च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्सला सत्राचे चार ते सहा हजार युरो लागतात. मी एक वर्ष आधी आत शिरले. हे मी म्युनिकजवळच्या गार्शिंगला, यू-६ मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनजवळ बसून लिहितेय, त्यामुळे उपदेश करायला मला सोपं जातं हे मान्य.) व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम तिथल्या खात्यात अडकवून दाखवायची, २०२३ साठी ११,२०८ युरो. ८७ च्या भावाने पावणेदहा लाख. दोन वर्षं धरली तरी बाबांच्या दोन रेघांच्या आत.

पण जर्मन लोक मार्क बघतात ते त्यांच्या पद्धतीने. एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. सर्वाधिक मार्कांतून आपले वजा, भागिले सर्वाधिक वजा पास होण्यापुरते, गुणिले तीन, अधिक एक. माझे ८.४, सर्वाधिक १०, पासचे ४. दहातून ८.४ गेले १.६, भागिले सहा, गुणिले तीन, अधिक एक: १.८. तिकडे आकडा जितका लहान तितकी पोरगी हुशार, एक म्हणजे पहिला नंबर, चारच्या पुढे नापास. पासचे चार ऐवजी पाच धरले तर तेच ८.४ जवळजवळ दोन होतात. म्हणून मार्कशीटच्या मागच्या बाजूला पास व्हायला किती लागतात हे काय छापलंय, ते बघून ठेवा. आठ सत्रं मी ती मागची बाजू कधी वाचली नव्हती.

टीयूएमच्या फॉर्ममध्ये आपला प्रत्येक विषय त्यांच्या बीएस्सीच्या कुठल्या विषयाशी जुळतो ते मांडायचं असतं. इथे मला माझ्याच पदवीचा एक्स-रे दिसला. कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क भरपूर. गणित तोकडं. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन होतं, पण तर्कशास्त्राचा रकाना रिकामा. त्याच सुमाराला १ नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं, १८,००० रुपये भरून कागदपत्रं तपासून घ्यायची. टेलिग्रामवरच्या अर्ध्या लोकांनी त्या दिवशी जर्मनी सोडली. मी सोडली नाही, कारण टीयूएमची मुदत ३१ मे होती. घाई नसण्याचा असा फायदा पहिल्यांदाच झाला.

अ‍ॅमस्टरडॅम मात्र गेलं. युरोपबाहेरच्यांची फी वेगळी आणि जड, आणि तिथे शिकणाऱ्या एका मुलीने सांगितलं की ती पहिले दोन महिने हॉस्टेलच्या डॉर्मिटरीत बॅगेला कुलूप लावून झोपली. डकडीबी लॅपटॉपवर चालतंच.

उरलेल्या बारा-तेरा ओळींमधल्या काही दोन अगदी व्यावहारिक गोष्टींनी मारल्या. एक म्हणजे शिफारसपत्रं. तीन लागतात. माझ्या कॉलेजातले एक सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी बघतो." आणलं. मग विचारलं, "किती ठिकाणी अपलोड करायचं?" मी बारा म्हणाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. प्रत्येक ठिकाणची वेगळी लिंक, वेगळा पासवर्ड, वर 'हा विद्यार्थी वरच्या किती टक्क्यांत' असे ठिपके. "सहा," ते म्हणाले. "सहाच्या वर मी करीन, पण मनापासून करणार नाही." खरं बोलणारा माणूस.

दुसरी गोष्ट एसओपी, म्हणजे आपल्याला का यायचंय ते सांगणारा अर्जासोबतचा निबंध. त्यातला एक परिच्छेद 'इथेच का' याचा असतो. मी प्रत्येक ठिकाणासाठी तो लिहायला बसायचे, आणि लिहून झाला की त्यातलं विद्यापीठाचं आणि प्राध्यापकांचं नाव बदलून बघायचे. बदलूनही परिच्छेद धडधाकट उभा राहिला तर ती ओळ शीटवरून काढायची. 'तुमचा नामवंत अध्यापकवर्ग आणि अद्ययावत प्रयोगशाळा' हा परिच्छेद कुठल्याही गावी खपतो, तो आपल्या कॉलेजच्या माहितीपत्रकातही असतो. वॉटरलूचा परिच्छेद दुसरीकडे लागत नव्हता. सारब्र्युकेनचा लागत नव्हता. चार ओळी अशा गेल्या, ज्यांच्यावर मी तोवर तास न् तास घातले होते. एका ठिकाणी ज्यांच्यासाठी अर्ज करणार होते ते प्राध्यापक दुसरीकडे चालल्याचं ऐन वेळी कळलं. एका माणसाच्या भरवशावर गाव निवडायचं नाही, निदान दोघं तरी हवेत, हे तेव्हापासून.

राहता राहिलं भारत. गेटचा, म्हणजे इथल्या एमटेकच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म मी सप्टेंबरात भरून ठेवला होता, 'असू दे' म्हणून. आता ते 'असू दे' राहिलं नव्हतं. आयआयएससीचं संशोधनाचं एमटेक आणि पवईची तीन वर्षांची आरएवाली जागा, दोन्हीकडे गेटनंतर मुलाखत. एमटेकला महिना १२,४०० रुपये मिळतात, कर्ज शून्य. टीयूएमही भारतातल्या अर्जदारांकडून जीआरई किंवा गेट यांतलं काहीतरी मागत होतं, तेव्हा अभ्यास वाया जाणार नव्हता. ऑफिसातल्या एकाने विचारलं, "परदेशाचं नाही झालं तर आयआयटी का?" त्याला मी काय उत्तर देणार होते? आयआयएससी माझ्या शीटमध्ये मॅडिसनच्या वरच्या ओळीत होतं.

तर सात: मॅडिसन, अ‍ॅमहर्स्ट, वॉटरलू, म्युनिक, सारब्र्युकेन, बंगळुरू, पवई. तीन डिसेंबरात, दोन मेपर्यंत, दोन गेटनंतर.

मॅडिसनची मुदत १५ डिसेंबरच्या रात्रीची, तिकडच्या घड्याळाने. आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे साडेअकरा. एसओपीतलं एक वाक्य मला रात्रभर टोचत होतं, ते सकाळी ऑफिसला आल्यावर काढलं आणि अकरा वाजता सबमिट दाबलं. खातं बाबांचं आणि माझं एकत्र आहे. मिनिटभरात फोन.

"पैसे कटले. तिसरा ना हा?"

"हो."

"म्हणजे आता शीटमध्ये सात."

"सात."

"आणि बाकीच्या छत्तीस? पुसल्यास?"

"नाही. खाली दुसऱ्या शीटवर ठेवल्यात."

"पूस," बाबा म्हणाले. "नाहीतर मार्चमध्ये एखादा नकार आला की परत उघडशील."

स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या मीटिंगमध्ये, माझी पाळी आली होती. मी फोन ठेवला आणि म्यूट काढलं.